लघवीतले जंतू रक्तात जातात तेव्हा: एका जुन्या तापाची पार्श्वभूमी

मार्च सरता सरता मराठवाड्यात 'उन्हाळी लागली' ही तक्रार घरोघरी सुरू होते. लघवीला जळजळ, थेंब थेंब होणं, ओटीपोटात कळ. त्यावर धने-जिऱ्याचं पाणी, वाळा, सब्जा, गोखरूचा काढा हे उपाय ठरलेले. पोटात पाणी कमी गेलं की लघवी गडद होते आणि जळते, पाणी वाढवलं की पुष्कळांना उतार पडतो. त्यामुळे या उपायांना नावं ठेवायचं कारण नाही. पंचाईत होते ती त्याच नावाखाली दुसरा आजार खपून जातो तेव्हा. हुडहुडी भरून ताप येतो, पाठीत एका बाजूला बरगडीखाली ठणकतं, लघवी कमी होते, घरातलं म्हातारं माणूस असंबद्ध बोलायला लागतं. शुगर असलेल्या माणसाला तर कधी कधी जळजळही जाणवत नाही, नुसती ग्लानी येते. तोवर जंतू मूत्रपिंडातून रक्तात उतरलेले असू शकतात.

हा ताप डॉक्टरांना जंतूंच्या आधीपासून माहीत होता. लघवी तुंबलेल्या माणसाला धातूची नळी घातली की काही तासांत थंडी वाजून ताप भरायचा, आणि त्यातले काही जण थोड्या दिवसांत दगावायचे. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये याला 'कॅथेटर फीवर' म्हणत, कॅथेटर म्हणजे ही नळी. कारणाबद्दल एकमत नव्हतं. नळीच्या धक्क्याने मज्जातंतू बिघडतात, असं मानणारेही नामांकित वैद्य होते. १८८५ मध्ये थिओडोर एशेरिश यांनी म्युनिकमध्ये तान्ह्या बाळांच्या शौचातून एक जंतू वेगळा केला. आज तो ई. कोलाय म्हणून ओळखला जातो आणि लघवीच्या संसर्गात सगळ्यात जास्त वेळा तोच सापडतो. तापाचा धागा मात्र पक्का जुळायला आणखी बराच काळ गेला. १९३० मध्ये बॅरिंग्टन आणि राइट या दोघांनी मूत्रमार्गावरच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांचं रक्त कल्चरला लावलं, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते पाहिलं, तेव्हा त्यात जंतू मिळाले. थंडी वाजण्याचं कारण मज्जातंतूंत नव्हतं, रक्तात होतं.

जंतू रक्तात जातात कसे, हे समजलं की पुढचा सगळा इतिहास सोपा होतो. मूत्रपिंडात लघवी आणि रक्त यांच्यामध्ये एक पातळ अस्तर असतं. प्रवाह मोकळा असेल तर जंतू धुऊन निघतात. मूत्रवाहिनीत खडा अडकला, प्रोस्टेट वाढून मूत्राशय रिकामं होईना किंवा गरोदरपणात नलिका दबली, की वरचा दाब वाढतो आणि दूषित लघवी उलट्या दिशेने शिरांमध्ये घुसते. अडथळा आणि संसर्ग एकत्र आले की नुसत्या इंजेक्शनावर भागत नाही, कारण तुंबलेल्या पुवापर्यंत औषध नीट पोचत नाही. आधी वाट मोकळी करावी लागते. पाठीतून सुई घालून मूत्रपिंडातली लघवी बाहेर काढायची पद्धत १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. मूत्रवाहिनी आतून मोकळी ठेवणारी, दोन्ही टोकांना वळसा असलेली नळी, म्हणजे डीजे स्टेंट, १९७८ मधली. मराठवाड्यात 'स्टेंट टाकलाय, महिन्यानं काढायचाय' हे आता कुणालाही कळतं. तो काढायला परत न जाणारे किती तरी असतात, हे दुखणं वेगळंच.

वाट मोकळी करणारी नळीच जंतूंची वाट झाली, हा या इतिहासातला सगळ्यात कडवट भाग. फ्रेडरिक फोली या अमेरिकन डॉक्टरांची फुग्याची नळी १९३० च्या दशकात आली. त्याआधी नळी आत टिकवायला ती बांधावी किंवा चिकटवावी लागे. फुग्यामुळे ती आपोआप टिकू लागली आणि मग आठवडेच्या आठवडे आत राहू लागली. खाली उघडी बाटली असायची, आणि चारेक दिवसांत जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडायचे. १९५८ मध्ये पॉल बीसन यांनी कॅथेटरविरुद्ध उघड भूमिका घेणारा लेख लिहिला. १९६६ मध्ये क्यूनिन आणि मॅककॉर्मॅक यांनी दाखवून दिलं, की नळी आणि पिशवी यांचा जोड बंदच ठेवला तर संसर्ग लांबवता येतो. टाळता येत नाही, लांबवता येतो. आजही नळी आत असताना दर दिवसाला ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात.

हे सगळं पुस्तकात असतं. तालुक्याहून जिल्ह्याला निघालेल्या जीपमध्ये मात्र लघवीची पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवलेली दिसते, नाही तर सलाईनच्या बाटलीशेजारी त्याच हुकला टांगलेली. पिशवीतली शिळी लघवी नळीतून परत मूत्राशयात जाते. पिशवीच्या बुडाला तोटी असताना जोड उपसून ती बाटलीत ओतणारेही पाहिलेत. नातेवाइकांचा यात दोष नाही. पिशवी कंबरेच्या खाली ठेवा, जोड उघडू नका, ही दोन वाक्यं त्यांना कुणी सांगितलेलीच नसतात.

१९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या भागाला मोठ्या उपचारांसाठी हैदराबादकडे पाहावं लागे. औरंगाबादचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांची 'घाटी', १९५६ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी बोस्टनमध्ये एडवर्ड कॅस यांनी एका मिलिलिटर लघवीत एक लाख जंतू ही मर्यादा मांडली, आणि खरा संसर्ग कोणता व नमुना घेताना लागलेली घाण कोणती हे प्रयोगशाळेला ठरवता येऊ लागलं. अंबाजोगाईचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ चं, नांदेडचं १९८८ चं, लातूरचं २००२ चं. म्हणजे कल्चर करून, अडलेली लघवी मोकळी करून उपचार देऊ शकणारी ठिकाणं चौदा-अठरा वर्षांच्या अंतराने उभी राहिली. मधल्या काळात आजाराची कारणं काही थांबली नव्हती.

पाण्याचंच घ्या. बोअरच्या जड पाण्याने मुतखडा होतो हे गावोगावी पक्कं मानलं जातं. शास्त्राचा भर त्यापेक्षा पाणी कमी पिण्यावर आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे 'दिवसाला तीन लिटर प्या' हा सल्ला कुठल्या तोंडाने द्यायचा? ऊसतोडीला गेलेल्या बायका तर फडात आडोसा नाही म्हणून मुद्दाम कमी पाणी पितात आणि लघवी तासन्‌तास धरून ठेवतात. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली आणि त्यांच्या आरोग्याची चर्चा झाली. माझ्या मते त्या चर्चेत लघवीच्या त्रासाला जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही.

औषधांचा इतिहास थोडक्यात असा. १९३० च्या दशकात सल्फा, १९५३ ला नायट्रोफ्युरँटॉइन, १९६० च्या दशकात नॅलिडिक्सिक अॅसिड, मग नॉरफ्लॉक्स आणि १९८७ ला सिप्रो. यातली काही औषधं लघवीत भरपूर उतरतात पण रक्तात पुरेशी राहत नाहीत. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला उत्तम, पण हुडहुडी भरलेल्या रुग्णाला निरुपयोगी. हा फरक मेडिकलच्या काउंटरवर कुणी विचारत नाही. 'लघवीची गोळी द्या' म्हटलं की गोळी मिळते. अनेक प्रतिजैविकांना शेड्यूल एच-१ चं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याचं, बंधन मार्च २०१४ पासून आहे, तरीही.

जंतू गप्प बसले नाहीत. सेफॅलोस्पोरिन गटाची औषधं फोडणारी ईएसबीएल ही विकरं (एन्झाइम) १९८३ मध्ये जर्मनीत नोंदली गेली आणि जगभर पसरली. २०१० मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मधल्या लेखाने एनडीएम-१ हे मेरोपेनेमसारखी भारी औषधंही फोडणारं विकर वर्तमानपत्रांत आणलं. त्यातल्या नवी दिल्लीच्या नावावरून आपल्याकडे भरपूर आरडाओरडा झाला, जंतूबद्दल त्यामानाने कमी. मग २०१८ मध्ये मेरिनो चाचणीचे निकाल आले. सेफॅलोस्पोरिन गटातल्याच सेफ्ट्रिअॅक्सोनला न जुमानणारे ई. कोलाय किंवा क्लेबसिएला हे जंतू रक्तात सापडलेले हे रुग्ण, आणि निम्म्याहून अधिकांच्या बाबतीत उगम लघवीतच. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम दिलेल्यांपैकी १२.३ टक्के महिन्याभरात दगावले, मेरोपेनेम दिलेल्यांपैकी ३.७ टक्के. सेफ्ट्रिअॅक्सोन म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यात तापाला पहिलं टोचलं जाणारं इंजेक्शन, हे लक्षात घेतलं की या आकड्यांचा इथे काय अर्थ होतो ते कळतं.

इथेच मला क्रमाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पहिल्या डोसच्या आधी लघवीचा नमुना आणि रक्ताच्या कल्चरच्या बाटल्या भरल्या, तर दोन-तीन दिवसांत 'एस' (औषध लागू पडतं) आणि 'आर' (पडत नाही) अशा रकान्यांचा कागद हातात येतो आणि महागडं औषध कमी करता येतं. तालुक्याला दोन दिवस इंजेक्शनं झाल्यावर जिल्ह्याला घेतलेल्या बाटलीत पुष्कळदा काहीच उगवत नाही, आणि मग तिथल्या डॉक्टरला अंदाजाने सगळ्यात भारी औषध चालू ठेवावं लागतं. अर्थात रक्तदाब घसरलेल्या रुग्णात नमुन्यासाठी डोस तासभर थांबवणं चूकच.

अलीकडे दोन गोष्टी बदलल्या. पूर्वी रुग्ण पुरुष आहे, गरोदर आहे, शुगर किंवा खडा आहे, यावरून संसर्ग गुंतागुंतीचा ठरायचा. अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२५ च्या मार्गदर्शिकेत संसर्ग मूत्राशयाबाहेर गेलाय का, ताप किंवा अंगभर लक्षणं आहेत का, हे आधी बघितलं जातं. दुसरं म्हणजे कालावधी. रक्तात जंतू म्हणजे १४ दिवस औषध, हा रिवाज होता. २०२४ च्या बॅलन्स चाचणीत ३,६०८ रुग्णांमध्ये सात आणि चौदा दिवसांची तुलना झाली. तीन महिन्यांतले मृत्यू सात दिवसांच्या गटात १४.५ टक्के, चौदाच्या गटात १६.१ टक्के, म्हणजे सात दिवस कुठेही कमी पडले नाहीत. सलाईनवर आणखी आठवडाभर राहायचं म्हणजे सोबतच्या माणसाचीही मजुरी बुडते, त्यामुळे हा निकाल आपल्याकडे जास्त कामाचा आहे. अडथळा तसाच असलेल्या रुग्णाला मात्र तो सरसकट लावता येत नाही.

नव्या औषधांच्या शोधात एक नाव घरचंच आहे. झिडेबॅक्टम आणि सेफेपिम यांची जोडी वोक्हार्ट कंपनीच्या छत्रपती संभाजीनगरच्या संशोधन केंद्रातून पुढे आली. गुंतागुंतीच्या लघवी-संसर्गात मेरोपेनेमशी तिची तुलना करणाऱ्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीचे निकाल कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले.