श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम: झोपेला किती, वाफांना किती?

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी पन्नाशीच्या बायकांच्या गप्पांत पाळी जाण्याच्या वयातल्या दोन तक्रारी हमखास असतात: "रात्री अंगातून नुसत्या वाफा निघतात" आणि "तीनला जाग आली की परत डोळा लागत नाही." त्यावर कुणीतरी अनुलोम-विलोम सुचवतंच. श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम हा प्रकार मात्र निराळा. या दोन तक्रारींवर तो कितपत उपयोगी, ते पाहू.

प्राणायामात श्वास संथ करायचा. इथे तो जोर लावून ओढायचा. हातात मावणारं यंत्र, नाकाला चिमटा, आणि घट्ट लस्सी बारीक स्ट्रॉने ओढावी तसा तोंडाने आत श्वास. यंत्रातली झडप तो सुखासुखी येऊ देत नाही. असे रोज ३० श्वास, पाच-दहा मिनिटांत. कस लागतो श्वासपटलाचा (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याचा) आणि बरगड्यांमधल्या स्नायूंचा. (ऑपरेशननंतर देतात ते तीन छोट्या चेंडूंचं यंत्र हे नव्हे, ते फुप्फुसं फुलावीत म्हणून असतं.)

अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाने ५० ते ७९ वयाच्या ३६ जणांवर केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवडे हा व्यायाम करणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ९ अंकांनी उतरला. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, मग नुसत्या चालण्या-पळण्याने बायकांच्या रक्तवाहिन्यांना पुरुषांइतका लाभ होतोच असं नाही. या व्यायामाने तो दोघांनाही सारखाच झाला. (म्हणून ट्रॅक सोडायचा नाही हं!)

झोपेचं काय? अॅरिझोना विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडण्याचा आजार) असलेल्यांची झोप सुधारली, पण श्वास अडण्याचे प्रसंग होते तेवढेच राहिले. हे महत्त्वाचं, कारण पाळी गेल्यावर हा आजार बळावतो; श्वासाला चालना देणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक कमी झालेलं असतं. आपल्याकडे बाईचं घोरणं चेष्टेवारी नेतात. घोरणं आणि दिवसा पेंग असेल, तर यंत्राआधी झोपेची तपासणी करावी.

वाफांचं गणित वेगळं. इस्ट्रोजेन घटलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस, म्हणजे शरीराचं तापमान सांभाळणारा भाग, जरा ऊब वाढताच घाम फोडतो. छातीचे स्नायू कमावून तो ताळ्यावर येतो, असं मानायला माझ्या मते भक्कम आधार नाही. उत्तर अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये वाफांसाठी संथ श्वसनाचीही शिफारस केली नाही. वर्तन-उपचार (विचार आणि सवयी बदलण्याचं समुपदेशन) आणि काही औषधांची केली.

कानाचा पडदा फाटलेला असेल, फुप्फुसातून हवा गळण्याचा त्रास होऊन गेला असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे यंत्र तोंडाला लावू नये.