काल पाहिलेले बाळ

नवजात बाळाच्या रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग ओळखणे तज्ज्ञांनाही अवघड जाते. मोठ्या माणसाला ताप चढतो, कुठे दुखते ते त्याला सांगता येते. आठवड्याच्या बाळाला मात्र पुष्कळदा ताप येतच नाही, उलट अंग गार पडते, आणि बाकी खूण म्हणून दिसते ते इतकेच की बाळ मलूल आहे व दूध नीट ओढत नाही. रक्त तपासायला पाठवले तर जंतूंची वाढ दिसायला एक-दोन दिवस जातात, आणि तेवढ्या वेळात बाळ दगावू शकते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत हे अवघड निदान गावातल्याच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांच्या हाती सोपवले. या आरोग्यदूतांना सात लक्षणे शिकवली होती: आधी चांगले असलेले रडणे मंदावणे किंवा थांबणे, आधी नीट असलेले दूध ओढणे कमी होणे किंवा बंद पडणे, हातपाय लुळे पडणे, उलट्या होणे किंवा पोट फुगणे, आईच्या हाताला अंग गार लागणे, श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाणे आणि बेंबीत पू होणे. यांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की संसर्ग धरायचा आणि घरच्यांच्या संमतीने उपचार सुरू करायचा. त्यात तोंडाने द्यायचे औषध होते आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शनही. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले होते.

त्या यादीतला ‘आधी’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. रडणे क्षीण आहे की नाही हे प्रथमच पाहणाऱ्या डॉक्टरला सांगता येणार नाही, कारण काही बाळांचा आवाज मुळातच बारीक असतो. तो मंदावला आहे, हे कालपरवा त्या घरी जाऊन आलेल्या बाईलाच कळते. त्यामुळे वारंवार दिलेली भेट हे इथे निदानाचे साधन ठरते, आणि हे साधन रुग्णालयातल्या यंत्रसामग्रीत नसते.

अशा भेटीत न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजणे हे त्यातल्या त्यात काटेकोर काम. न्यूमोनियात फुप्फुसे ताठर होतात, प्रत्येक श्वासात कमी हवा आत जाते आणि ती उणीव शरीर उथळ, जलद श्वासांनी भरून काढते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक भरले तर ते धोक्याचे मानतात. मात्र नवजात बाळ एका लयीत श्वास घेत नाही. काही सेकंद थांबते, मग भराभर घेते. म्हणून अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेला आकडा हमखास फसवतो. बाळ शांत असताना, पोटावरचे दुपटे बाजूला सारून, घड्याळाकडे आणि पोटाकडे आळीपाळीने पाहत पूर्ण मिनिट मोजावे लागते, आणि आकडा ६० किंवा अधिक आला तर पुन्हा एकदा. शेजारी आजी ‘झालं का गं?’ म्हणून विचारत असते, ते वेगळेच.

या आजीशी आंघोळीवरूनही बोलावे लागते. कढत पाण्याने न्हाऊ घातले की बाळाला ऊब मिळते असा समज आहे, पण ओल्या अंगावरचे पाणी सुकताना उष्णता घेऊन जाते, आणि वजनाच्या मानाने बाळाची त्वचा मोठी असल्याने ते मोठ्यांपेक्षा फार लवकर गार पडते. अडीच किलोच्या आतले बाळ तर अधिकच, कारण ऊब निर्माण करणारी चरबी त्याच्याकडे बेताचीच असते.

नवजात बाळाच्या या घरगुती देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला आणि ते काम आशाताईंकडे आले. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट द्यायची. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की ठरावीक मोबदला मिळतो. ही पद्धत मला अपुरी वाटते, कारण भेट झाली की नाही हे नोंदवहीत दिसते, पण श्वास पूर्ण मिनिट मोजले की नुसता अंदाजे आकडा लिहिला, हे दिसत नाही. आणि एकाच बाईच्या डोक्यावर लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंतची कामे असताना ते मिनिटच सर्वांत आधी कापले जाते.

शिवाय सातव्या आणि चौदाव्या दिवसांच्या मधे सहा दिवस उरतात. त्या दिवसांत बाळाला पाहणारी फक्त आई असते. म्हणून उठण्यापूर्वी जाणती आशाताई तिला बाळाच्या पोटाला आणि तळपायाला हात लावून पाहायला सांगते, दोन्हींतला फरक तिच्याच तोंडून वदवून घेते, आणि पाय पोटापेक्षा गार लागले तर रात्र असली तरी फोन करायला बजावते.