रेडिओवरून फाइल पाठवणे : जोडणी व चाचणी

इंटरनेट किंवा मोबाइलच्या जाळ्याशिवाय, वायरलेस संचांच्या मदतीने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर फाइल पाठवण्याची पद्धत. हौशी रेडिओचालक (हॅम) ती संदेश, हवामानाचे नकाशे आणि आपत्तीच्या वेळच्या याद्या पाठवण्यासाठी वापरतात. १९२७ मध्ये भारत-ब्रिटन बीम वायरलेस तारसेवा सुरू झाली, तेव्हा तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होते. बोलण्याची आणि ऐकण्याची जागा अशी दूर दूर ठेवण्याची चैन हौशी चालकाला परवडत नाही. त्याचा संच एकच, वारंवारताही एकच; बोलून झाले की थांबायचे आणि ऐकायचे. बहुतेक अडचणी या पाळीपाळीच्या कारभारातूनच उपजतात.

नेहमीच्या जोडणीत संगणकाचे साउंड कार्डच मोडेमचे काम करते. ‘डायरवुल्फ’सारखी मोफत प्रणाली १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन सुरांत माहिती गुंफते आणि एएक्स.२५ नियमावलीनुसार तिची पाकिटे (छोटे तुकडे) करते. पाकिटात साधारणपणे जास्तीत जास्त २५६ बाइट मजकूर आणि १६ बिटांची पडताळणी-बेरीज असते. बेरीज जुळली नाही की पाकीट बाद, पुन्हा पाठवा. वेग सेकंदाला १२०० बिट, म्हणजे १५० बाइट, हा हिशेब कागदावरचा. पाकीट मिळाल्याची पोच येण्याची वाट पाहण्यात जाणारा वेळ धरला, तर बऱ्याचदा त्याच्या निम्माही पदरात पडत नाही.

प्रक्षेपणाची कळ (पीटीटी) दाबल्यापासून संच स्थिरावेपर्यंत थोडा वेळ जातो. तेवढे थांबण्यासाठी ‘टीएक्स-डिले’ असतो. डायरवुल्फमध्ये तो मुळात ३०० मिलिसेकंद ठेवलेला आहे. तो कमी पडला तर प्रत्येक पाकिटाचे डोके उडते, जास्त झाला तर वेळ वाया जातो. आवाज आला की आपोआप चालू होणारी ‘व्हॉक्स’ सोय इथे टाळलेलीच बरी : मजकूर संपल्यावरही ती क्षणभर संच अडवून धरते आणि समोरच्याची पोच तेवढ्यात निसटते.

दुसरी गोम आवाजाच्या पातळीची. नवखा माणूस पाकिटे पोचत नाहीत म्हणून आवाज वाढवतो. खरे तर तो बहुधा कमी करायला हवा. कानाला खणखणीत वाटणारा सूर फाटलेला असू शकतो, आणि फाटलेला सूर मोडेमला उलगडत नाही. माइक बूस्ट (माइकचा आवाज वाढवणारी सोय) आणि गोंगाट गाळणाऱ्या सोयी बंद ठेवाव्यात. संगणकाचे इतर आवाजही बंद करावेत, नाहीतर व्हॉट्सॲपची टुणटुणसुद्धा हवेत जाते.

प्रक्षेपणासाठी भारत सरकारच्या वायरलेस नियोजन व समन्वय (डब्ल्यूपीसी) विभागाचा परवाना लागतो. हौशी चालकांसाठीच्या वारंवारतांच्या पट्ट्यांवर अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक केलेला मजकूर चालत नाही. उघड पद्धतीने दाबून लहान केलेल्या फाइलला मात्र अडकाठी नाही.

चाचणीची सुरुवात अँटेनाऐवजी डमी लोड (शक्ती हवेत न सोडता जिरवणारा रोधक) लावून, अगदी कमी शक्तीवर, दोन वेगळ्या खोल्यांतून करावी. एकाच टेबलावरचे संच एकमेकांना बधिर करतात. मग गच्ची. पुण्यात १४४–१४६ मेगाहर्ट्झवर टेकड्या निर्णायक ठरतात : कोथरूड आणि पाषाण नकाशावर शेजारी दिसतात, पण मध्ये वेताळ टेकडी आडवी येते. तिच्या माथ्यावर एक संच नेला की दोन्ही बाजू नजरेत येतात. जुन्नर तालुक्यात खोडदच्या आसपास मात्र हे प्रयोग करू नयेत. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातले अतिक्षीण संकेत टिपतात आणि हा पट्टाही त्यांच्या टप्प्यात येतो.

‘फाइल आली’ एवढ्यावर विसंबू नये. दोन्हीकडचे एसएचए-२५६ आकडे (फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा) जुळवावेत. अनेकांना एकदम फाइल पाठवायची असेल तर ‘एफएलॲम्प’ ही प्रणाली सोयीची. ती फाइलचे तुकडे करते आणि कोणाचे कोणते तुकडे राहिले हे पाहून तेवढेच पुन्हा पाठवता येतात. नमुन्यादाखल एक साधी, एक झिप आणि एक मराठी नावाची फाइल घ्यावी. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे, काना-मात्रा वेगळे मोजून. म्हणजे नुसते ‘पुणे’ लिहायला १२ बाइट. त्यावर बेस-६४ (कोणतेही बाइट साध्या इंग्रजी अक्षरांत लिहिण्याची पद्धत) चढवले की १६. मराठी मजकूर म्हणून आधी दाबूनच पाठवावा. प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट तोच असल्याने तो चांगला आवळला जातो. फाइलचे नाव मात्र पलीकडे बऱ्याचदा प्रश्नचिन्हांची रांग होऊन उतरते.