अमेरिकेतील अल्पमुदतीचे घरभाडे: होस्टची करदाता पडताळणी अडल्यास काय करावे

अमेरिकेत एअरबीएनबी किंवा व्हर्बोसारख्या प्लॅटफॉर्मवरून घर अल्प मुदतीने भाड्याने देणाऱ्या होस्टला ‘आपली करविषयक माहिती पडताळता आली नाही’ असा संदेश आला, की बहुतेक जण पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्सचे फोटो पुन्हा पुन्हा अपलोड करू लागतात. त्याचा काही उपयोग होत नाही, कारण फोटोवरून होणारी ओळख पडताळणी आणि करदाता पडताळणी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. करदाता पडताळणीत एकच प्रश्न तपासला जातो: होस्टने दिलेले नाव आणि करदाता ओळख क्रमांक ही जोडी अमेरिकेच्या केंद्रीय करखात्याच्या, म्हणजे आयआरएसच्या, नोंदीशी जुळते की नाही. नाव खरे आणि क्रमांकही खरा असूनही जोडी न जुळणे सहज शक्य आहे. अशा वेळी दुरुस्ती प्लॅटफॉर्मवर करायची की सरकारी नोंदीत, हे आधी ठरवावे लागते.

ही माहिती डब्ल्यू-९ या फॉर्मद्वारे घेतली जाते. अमेरिकी नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि करकायद्याच्या दृष्टीने निवासी ठरणाऱ्या सर्व व्यक्ती, तसेच अमेरिकेत स्थापन झालेल्या कंपन्या व भागीदाऱ्या हा फॉर्म भरण्यास पात्र आहेत; वर्क व्हिसावर असलेली व्यक्ती वास्तव्याच्या दिवसांच्या कसोटीवर निवासी ठरत असेल, तर तिनेही हाच फॉर्म भरावयाचा असतो. भारतात राहून अमेरिकेतील घर भाड्याने देणाऱ्या अनिवासी मालकाने मात्र डब्ल्यू-९ भरू नये. भाड्याचे उत्पन्न अमेरिकेतील व्यवसायाशी निगडित असल्याचे घोषित करणारा डब्ल्यू-८ईसीआय हा फॉर्म त्याच्यासाठी आहे. तो न दिल्यास एकूण भाड्यातून ३० टक्के करकपात होऊ शकते आणि त्यात खर्चाची वजावट धरली जात नाही.

जोडी न जुळण्याचे पहिले आणि आपल्या लोकांमध्ये फार आढळणारे कारण म्हणजे नाव. व्यक्तीच्या बाबतीत आयआरएस आडनावाच्या पहिल्या चार रोमन अक्षरांना विशेष महत्त्व देते. ‘चौधरी’ हे आडनाव सी-एच नंतर ए-यू, ओ-यू किंवा ओ-डब्ल्यू असे तीन प्रकारे लिहिले जाते आणि तिन्ही प्रकारांत पहिली चार अक्षरे वेगळी पडतात. शिवाय आपल्याकडे मधल्या जागी वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. एखाद्या फॉर्ममध्ये ते आडनावाच्या रकान्यात शिरले की पुढे सगळीकडे तसेच चालत राहते. लग्नानंतर पासपोर्ट, बँक खाते आणि एअरबीएनबीचे खाते सासरच्या नावाने झाले, पण सोशल सिक्युरिटी कार्ड (ज्यावरील क्रमांक व्यक्तीचा करदाता क्रमांक म्हणून वापरला जातो) माहेरच्याच नावाने राहिले, तरी पडताळणी अडते. आयआरएसकडील नावे सोशल सिक्युरिटी प्रशासनाच्या नोंदींवरून येतात, हे येथे ध्यानात ठेवावे. म्हणून कार्डावरील नावाचे अक्षरन् अक्षर डब्ल्यू-९ वर उतरवणे हा सर्वांत जवळचा मार्ग होय. नवे नावच कायम करायचे असेल, तर आधी विवाह प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश जोडून एसएस-५ हा अर्ज सोशल सिक्युरिटी प्रशासनाकडे करावा (त्यासाठी शुल्क नाही) आणि नवे कार्ड हाती आल्यावरच प्लॅटफॉर्मवरील माहिती बदलावी. हा क्रम उलटा केला तर तोच संदेश पुन्हा येतो.

दुसरे कारण क्रमांकाचे. एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर, आलेल्या जोडीदाराला सुरुवातीला आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळू न शकणाऱ्यांना आयआरएस देते तो करदाता क्रमांक) मिळतो आणि पुढे काम करण्याची परवानगी मिळाल्यावर सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळतो. त्यानंतर आयटीआयएन वापरणे थांबवावे लागते. दोन्ही क्रमांकांखालील नोंदी एकत्र करण्यासाठी आयआरएसला पत्र पाठवावे किंवा स्थानिक कार्यालयात जावे. पत्रात पूर्ण नाव, टपालाचा पत्ता व आयटीआयएन लिहून सोशल सिक्युरिटी कार्डाची प्रत जोडावी आणि आयटीआयएन मिळाल्याची सूचना जपून ठेवली असल्यास तिचीही प्रत द्यावी. आयटीआयएनबाबत आणखी एक गोष्ट अशी, की सलग तीन करवर्षे केंद्रीय विवरणपत्रात न वापरलेला क्रमांक कालबाह्य होतो. केवळ प्लॅटफॉर्म आयआरएसला पाठवतो त्या माहिती विवरणपत्रासाठी त्याचे नूतनीकरण करावे लागत नाही, पण स्वतःचे विवरणपत्र भरताना ते करावे लागते. त्यासाठी डब्ल्यू-७ हा अर्ज असून मूळ पासपोर्ट किंवा पासपोर्ट देणाऱ्या यंत्रणेने प्रमाणित केलेली त्याची प्रत लागते.

घर एलएलसीच्या, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या कंपनीच्या, नावे असेल तर गोंधळ हमखास होतो आणि येथे हुशार माणसेही चुकतात. एकाच मालकाची एलएलसी करासाठी सहसा मालकापासून वेगळी मानली जात नाही. त्यामुळे डब्ल्यू-९ च्या पहिल्या ओळीत मालकाचे स्वतःचे नाव, दुसऱ्या ओळीत एलएलसीचे नाव आणि क्रमांकाच्या जागी मालकाचा सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा मालकाच्याच नावाचा ईआयएन (आयआरएस व्यवसायांना देते तो ओळख क्रमांक) लिहावा लागतो. एलएलसीला मिळालेला ईआयएन येथे चालत नाही. पती-पत्नी दोघे सदस्य असलेली एलएलसी मात्र सर्वसाधारणपणे भागीदारी धरली जाते, आणि तेव्हा एलएलसीचेच नाव व तिचाच ईआयएन द्यावा लागतो. कंपनीच्या नावातील स्वल्पविराम, ‘अँड’चे चिन्ह किंवा संक्षेप यांबाबत शंका असल्यास ईआयएन देताना आलेली सीपी ५७५ ही सूचना प्रमाण मानावी. ती हरवली असल्यास आयआरएसच्या व्यवसाय करदात्यांसाठीच्या दूरध्वनी सेवेकडून १४७सी हे पत्र मागवता येते. ईआयएन नुकताच घेतला असेल, तर तो आयआरएसच्या कायम नोंदीत येण्यास दोन आठवड्यांपर्यंत लागतात आणि तोवर पडताळणी यशस्वी होत नाही. या अवधीत दररोज माहिती बदलून पाहणाऱ्या होस्टच्या खात्यात शेवटी कोणती जोडी राहिली, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

पडताळणी न झाल्यास देय रकमेतून २४ टक्के कपात केली जाऊ शकते. काही प्लॅटफॉर्म देयकेच रोखून धरतात. वर्षभरात २०,००० डॉलरपेक्षा अधिक रक्कम आणि २०० पेक्षा अधिक व्यवहार झाल्यास प्लॅटफॉर्मने होस्टला मिळालेल्या रकमेची माहिती देणारे १०९९-के हे विवरणपत्र देणे केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे, परंतु माहिती त्याआधीही मागितली जाते. आपले व्यवहार मर्यादेच्या आत आहेत, या कारणाने ती देण्याचे टाळू नये.

आयआरएसकडून विसंगतीची सूचना प्लॅटफॉर्मला मिळाली, की तो होस्टला पत्र पाठवतो. पहिल्या पत्रावर अचूक भरलेला, सही केलेला नवा डब्ल्यू-९ पाठवणे पुरेसे असते. तीन कॅलेंडर वर्षांत दुसऱ्यांदा असे पत्र आले तर केवळ डब्ल्यू-९ चालत नाही. व्यक्तीला सोशल सिक्युरिटी कार्डाची प्रत आणि कंपनीला १४७सी पत्र देऊन आपले नाव व क्रमांक सिद्ध करावा लागतो. डब्ल्यू-९ वरील सही ही खोट्या साक्षीच्या शिक्षेस पात्र राहून केलेली घोषणा असल्याने ‘तूर्त चालेल’ म्हणून नातेवाइकाचा क्रमांक भरण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये. खाते एकाचे आणि क्रमांक दुसऱ्याचा असेल, तर उत्पन्नही त्या दुसऱ्याच्या नावावर नोंदले जाते.

कपात झालेली रक्कम बुडत नाही. ती आयआरएसकडे जमा होते आणि १०९९-के वर केंद्रीय करकपातीच्या रकान्यात दिसते. वार्षिक विवरणपत्रात, म्हणजे फॉर्म १०४० मध्ये, ती आधीच भरलेला कर म्हणून दाखवता येते आणि देय करापेक्षा जास्त असल्यास परतावा मिळतो. मात्र प्लॅटफॉर्मच्या १०९९-के वरील आकडा आणि बँकेत प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम यांत कपातीइतका तसेच सेवा शुल्काइतका फरक असतो, म्हणून विवरणपत्र भरताना बँकेच्या स्टेटमेंटवरून नव्हे, तर १०९९-के वरील एकूण रकमेपासून सुरुवात करून शुल्क खर्चात दाखवावे.