संवर्धित शेती : जमिनीचं आरोग्य आणि धूप

जमीन शक्यतो न नांगरता, आधीच्या पिकाची धसकटं आणि काडीकचरा रानातच राहू देऊन, पिकांची फेरपालट करत केलेली शेती म्हणजे संवर्धित शेती. एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) ही तिन्ही तत्त्वं एकत्र धरते, नुसती शून्य मशागत तिच्या हिशेबात पुरेशी नाही. आच्छादनाचा निकष साधारण असा, की पेरणी झाल्यावर किमान ३० टक्के जमीन झाकलेली हवी.

पद्धत नक्की कधी सुरू झाली यावर एकमत नाही. काही अभ्यासक थेट काठीने भोक पाडून बी टाकायच्या प्राचीन शेतीपर्यंत मागे जातात, पण ते जरा ओढूनताणून वाटतं, नांगर नसणं वेगळं आणि असलेला नांगर बाजूला ठेवणं वेगळं. नेहमीचं उत्तर म्हणजे १९३० च्या दशकातली अमेरिकेतली धुळीची वादळं. त्यातूनच १९३५ मध्ये तिथे मृद संवर्धनाचं सरकारी खातं आलं, आणि १९४३ मध्ये एडवर्ड फॉकनर यांनी पलटी नांगराविरुद्ध (माती उलथून टाकणारा नांगर) अख्खं पुस्तकच लिहिलं. पण नांगर सोडला तर तणाचं काय करायचं याचा मोठ्या रानात चालेल असा तोडगा तेव्हा नव्हता, त्यामुळे खरी सुरुवात १९६० च्या आसपास पॅराक्वाटसारखी तणनाशकं आल्यावरची मानणं जास्त पटतं. अमेरिकेतल्या केंटकीत शेतकरी हॅरी यंग यांनी १९६२ मध्ये एकरभराहून लहान तुकड्यात विनानांगरट मका घेतला, पुढे ब्राझीलच्या पाराना राज्यात हर्बर्ट बार्ट्झ यांनी यंग यांची शेती बघून येऊन १९७२ मध्ये सोयाबीन तसंच पेरलं. तीन तत्त्वांची आजची चौकट त्यानंतरची, बहुधा १९९० च्या दशकातली. पहिली जागतिक परिषद २००१ मध्ये माद्रिदला झाली.

धुपीचं बघायचं तर सुरुवात पावसाच्या थेंबापासून होते. उघड्या जमिनीवर थेंब आदळला की मातीचे कण सुटे होतात, बारीक कण छिद्रांत बसून वर खपली धरते, पाणी मुरायचं थांबतं आणि आधी सालकाढी (वरचा पातळ थर वाहून जाणं), मग ओघळपाडी (लहान चऱ्या पडणं) धूप लागते. काडीकचरा थेंबाचा मार आधीच झेलतो आणि वाहत्या पाण्याचा वेगही मोडतो. ३० टक्के आच्छादनानेही उघड्या जमिनीच्या मानाने धूप ढोबळमानाने निम्म्यावर येते, त्यापुढे झाकण वाढेल तसा फायदा वाढतो पण कमी कमी दराने. म्हणजे धूप मुख्यतः आच्छादनाने थांबते, नांगर सोडून काडी मात्र जाळली किंवा वैरणीला नेली तर फार काही हाती लागत नाही. उतारावर एवढंही पुरत नाही, दक्षिण ब्राझीलमध्ये शून्य मशागत आहे म्हणून बऱ्याच शेतकऱ्यांनी बांध काढून टाकले आणि पाणी पुन्हा वाहायला लागलं.

जमिनीच्या आरोग्यात पहिला फरक वरच्या ५ ते १० सेंटिमीटरमध्ये दिसतो. मातीचे कण-समूह पाण्यात टिकतात, गांडुळं वाढतात, त्यांची बिळं आणि जुन्या मुळांच्या वाटा न मोडल्याने पाणी खोल जातं. सुरुवातीची काही वर्षं मात्र जमीन घट्ट होऊ शकते आणि काडी कुजताना नत्र अडकून पडतं.

सेंद्रिय कर्बावर वाद आहे. वरच्या थरात तो वाढतो हे सगळ्यांना मान्य, पण जुने बरेच नमुने वरच्या ३० सेंटिमीटरमधलेच होते आणि खाली नांगरलेल्या जमिनीतच कर्ब जास्त सापडतो असंही दिसलंय, तेव्हा एकूण साठा वाढतो की नुसता वर सरकतो हा प्रश्न राहतो. सध्या कल नुसता वर सरकतो याच बाजूला जास्त आहे, फेरपालट आणि आच्छादन पिकांमुळे (जमीन झाकायला घेतलेली पिकं) जादा काडी-मुळं जमिनीत जात असतील तर गोष्ट वेगळी. स्फुरदही असंच वर साचतं, मग मातीबरोबर जाणारं कमी झालं तरी पाण्यात विरघळून जाणारं वाढू शकतं.

उत्पादनाबद्दल २०१५ च्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात नांगरलेल्या शेतीच्या मानाने विनानांगरट शेतीत सरासरी ५.७ टक्के घट आली, तिन्ही तत्त्वं पाळली तर ती २.५ टक्क्यांवर आली, आणि कोरड्या हवामानातल्या जिरायती शेतीत तिन्ही पाळल्यावर उलट ७.३ टक्के वाढ दिसली.