प्रोजेक्ट प्रकाश
जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्या मुलांची भारतात ऑपरेशनं करायची, आणि त्यांना दिसायला लागल्यावर मेंदू बघायला कसा शिकतो याचा अभ्यास करायचा, असं हे दुहेरी काम. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे प्राध्यापक पवन सिन्हा यांनी ते सुरू केलं. ऑपरेशनं मुख्यतः दिल्लीच्या डॉ. श्रॉफ चॅरिटी आय हॉस्पिटलमध्ये झाली.

आधी समज काय होता, तर मूल सात-आठ वर्षांचं झालं की ऑपरेशन करून उपयोग नाही. त्यामागे ह्युबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांचे १९६० च्या दशकातले प्रयोग होते (१९८१ चं नोबेल), त्यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवला आणि नंतर उघडला तरी मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याला फारशा दाद देईनात. प्रयोग बरोबरच होते, पण त्यावरून माणसाच्या मोठ्या मुलांनाही काहीच मिळणार नाही असं धरून चालणं चूक होतं, आणि हे या प्रोजेक्टने दाखवलं ही माझ्या मते त्याची सगळ्यात मोठी कमाई.

सगळ्यात गाजलेला प्रयोग २०११ चा. हाताने चेंडू आणि ठोकळा ओळखणाऱ्या जन्मांध माणसाला अचानक दिसायला लागलं तर तो नुसतं बघून कुठलं काय ते सांगेल का, असा प्रश्न आयरिश विद्वान विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉकना पत्रातून विचारला होता. इथे ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांना पट्टी निघाल्यावर लगेच, म्हणजे ४८ तासांच्या आत, तपासलं. खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे आकार एकदा बघून पुन्हा बघूनच ओळखणं त्यांना छान जमलं, हाताने चाचपून हातानेच ओळखणंही जमलं, पण हाताने चाचपलेला आकार डोळ्यांनी ओळखताना उत्तरं जवळपास अंदाजपंचे, ५८ टक्के बरोबर (दोनातला एक निवडायचा, म्हणजे नुसत्या अंदाजानेही ५० टक्के येतात). म्हणजे मॉलिन्यूला उत्तर मिळालं, नाही सांगता येणार. आणि गंमत म्हणजे काही दिवसांतच, कोणी शिकवलं नसताना, ज्यांना परत तपासलं त्या मुलांना ते चांगलं जमायला लागलं.

उशिरा दृष्टी आलेल्या लोकांना सुरुवातीला आणखी एक अडचण येते, एकमेकांवर चढलेला गोल आणि चौकोन दाखवला तर दोन ऐवजी तीन आकार सांगतात, कारण जिथे जिथे रेषा छेदतात तिथे त्यांना वेगळा तुकडा दिसतो. तेच आकार हलवले की मात्र बरोबर दोन. एकत्र हलतं ते एक, हे मेंदूला आधी कळतं आणि त्याच्या जोरावर तो पुढे स्थिर चित्रंही सोडवायला शिकतो.

नजर पूर्ण स्वच्छ होत नाही, बारीक अक्षरं वाचायला त्रास राहतोच. म्हणून बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरं दिसलं तर थांबू नये, ऑपरेशन पहिल्या काही महिन्यांतच झालेलं उत्तम.

२०२४ मध्ये रंगांवरचा अभ्यास आला. ही मुलं रंगीत फोटोतल्या वस्तू नीट ओळखतात पण ब्लॅक अँड व्हाइट केला की अडखळतात, बाकीच्या मुलांना तितका फरक पडत नाही. संशोधकांचं म्हणणं असं की नवजात बाळाला रंग फिके दिसतात, त्यामुळे मेंदू आधी उजेड-अंधारावरून वस्तू ओळखायला शिकतो, ऑपरेशन झालेल्या मुलांना मात्र पहिल्यापासूनच भरपूर रंग मिळतो आणि ती त्याच्यावरच जास्त विसंबतात.