कृष्णधवल फोटोला हिरवट झाक का येते?

‘कृष्णधवल फोटोत रंगच नाहीत, मग उडणार काय?’ जुन्या फोटोची इंकजेटवर प्रत काढून घेणाऱ्यांचा हा ठाम समज असतो. मग उजेडाच्या भिंतीवर टांगलेली तीच प्रत हळूहळू हिरवट नाहीतर लालसर दिसायला लागते आणि सगळा दोष कागदाच्या माथी मारला जातो. कागदाचाही वाटा असतो, पण आधी शाई तपासावी.

घरगुती चार रंगांच्या इंकटँक प्रिंटरमध्ये बहुतेकदा काळी शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या रंगकणांची) आणि बाकी तीन डायच्या (विरघळलेल्या रंगाच्या) असतात. ही काळी साध्या कागदावरच्या अक्षरांसाठी. ग्लॉसी कागदावर ती बसत नाही, बोटाने पुसली जाते. म्हणून सेटिंगमध्ये ‘फोटो पेपर’ निवडलं की असे बरेच प्रिंटर काळीला हातच लावत नाहीत. सायन (हिरवट निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळा मिसळून करडा तयार करतात. म्हणजे तुमचा कृष्णधवल फोटो मुळात रंगीतच आहे, फक्त तिन्ही रंग तोलून धरलेले आहेत.

हा तोल बिघडतो कसा, ते पाहण्यासारखं आहे. डायचे रेणू शाईत विरघळलेले, सुटे सुटे असतात. एकाआड एक दुहेरी बंधांच्या साखळीत इलेक्ट्रॉन पसरलेले असतात आणि तेच दृश्य प्रकाश शोषतात. रंग दिसतो तो त्यामुळे. प्रकाशाने उत्तेजित झालेला रेणू ऑक्सिजनच्या तावडीत सापडतो, तर ओझोन थेट दुहेरी बंधच तोडतो. साखळी आखूड झाली की शोषण अतिनील पट्ट्यात सरकतं आणि डोळ्यापुरता तो रेणू रंगहीन होतो. तीन डायची रचना वेगळी, म्हणून उडण्याचा वेगही वेगळा. मॅजेंटा आधी गेला तर हिरवट झाक, सायन आधी गेला तर लालसर. रंगीत फोटोत एवढा फरक खपून जातो. करड्यात डोळा तो लगेच पकडतो.

पिगमेंटमध्ये रेणू एकटा नसतो. साधारण १०० नॅनोमीटरच्या कणात असंख्य रेणू दाटीने बसलेले असतात. बाहेरचा थर झिजला तरी आतला शाबूत राहतो. त्यातही कार्बन सगळ्यात चिवट. त्याच्या षटकोनी जाळीत प्रकाशाने सहज तुटेल असा नाजूक दुवाच नाही. पुण्यातल्या पेशवे दप्तरात काजळाच्या शाईने लिहिलेले मोडी कागद आहेत. कागद पिवळा पडतो, पण काजळातला कार्बन काळाच राहतो.

मात्र निव्वळ कार्बन पातळ थरात तपकिरी दिसतो, कारण बारीक कण निळा प्रकाश जास्त अडवतात. एप्सनने २००५ साली आणलेल्या अल्ट्राक्रोम के३ संचात काळ्याच्या तीन पातळ्या आहेत: गडद, फिकी आणि त्याहून फिकी. अशा प्रिंटरच्या कृष्णधवल मोडमध्ये करडा मुख्यतः याच तिघींतून येतो. छटा तटस्थ करायला रंगीत पिगमेंट किंचितच लागतं. प्रिंट काढताना तोच मोड निवडा. उबदार छटा चालणार असेल तर उत्तमच, रंगाचा आधार तेवढा कमी लागतो. गडद काळीचेही दोन प्रकार असतात, मॅट आणि फोटो. मॅट कागदावर फोटो ब्लॅक वापरली तर काळा फिका, राखेसारखा येतो. नीट जुळवलं तर मॅट कागदावर काळ्याची घनता १.६ च्या आसपास, म्हणजे अडीच टक्के प्रकाश परत, बरायटावर (बेरियम सल्फेटचा थर दिलेल्या चकचकीत कागदावर) २.३ पर्यंत, म्हणजे अर्धा टक्का. दिसण्यात हा फरक मोठा आहे.

आता कागद. कॉटन रॅग (कापसाच्या तंतूंचा) किंवा अल्फा सेल्युलोजचा (शुद्ध केलेल्या लाकडी लगद्याचा), लिग्निन हा लाकडातला पिवळा पडणारा घटक नसलेला, कॅल्शियम कार्बोनेट घातलेला घ्या. आम्लामुळे सेल्युलोजची साखळी तुटते, ते हे कार्बोनेट रोखतं. दुसरी परीक्षा पांढरेपणाची. दुकानात नोटा तपासायचा अतिनील दिवा असतो, तो कागदावर धरा. कागद निळा चमकला तर त्यात टिनोपॉलच्या जातीचं रसायन आहे: अतिनील शोषून निळा प्रकाश सोडणारं. उजेडात ते हळूहळू निकामी होतं आणि कागद पिवळट दिसू लागतो, शाई जशीच्या तशी असली तरी. कॅन्सनचा प्लॅटिन फायबर रॅग (३१० ग्रॅम) या रसायनाविना बनतो. असे कागद पहिल्या दिवसापासून किंचित सायीच्या रंगाचे असतात. तो दोष समजू नये.

‘१०० वर्षे टिकणार’ ही पाटी मात्र सत्यनारायणाच्या फलश्रुतीइतक्याच श्रद्धेने वाचली जाते. शंभर वर्षं कुणी थांबलेलं नसतं. प्रखर दिव्याखाली फोटो ठेवतात, ठरावीक फिकेपणा यायला किती लक्स-तास (लक्स हे उजेडाचं माप, गुणिले तास) लागले ते मोजतात आणि घरातल्या गृहीत उजेडाने भागतात. प्रिंटचा टिकाऊपणा तपासणाऱ्या विल्हेम संस्थेने दिवसाला १२ तास ४५० लक्स धरले, कोडॅकने १२ तास १२० लक्स. कोडॅकच्या हिशेबातली १०० वर्षं विल्हेमच्या हिशेबात जेमतेम २७ भरतात, फोटो तोच! ‘म्युझियम ग्रेड’ हे शब्दही कुणीही छापू शकतो. त्यापेक्षा करड्याच्या २१ पायऱ्यांची पट्टी छापा, अर्धी ॲल्युमिनियम फॉइलने झाका, दक्षिणेच्या खिडकीत काही महिने ठेवा आणि दोन्ही भाग एकाच उजेडात पाहा.

जाड मॅट कागद मागच्या फीडमधून, एकेक, मऊ ब्रशने झटकून घाला. कापसाचा तंतू चिकटलेला राहिला तर नंतर गळून तिथे पांढरा ठिपका उरतो. पावसाळ्यात उरलेला कागद लगेच पिशवीत बंद करा. ओल धरून कडा वर आल्या की हेड घासतं आणि काळे ओरखडे पडतात. छापल्यावर २४ तास, पुण्याच्या जुलैत त्याच्या दुप्पट, साध्या कोऱ्या कागदाखाली वाळू द्या, कारण शाईतलं ग्लायकॉल हे द्रावक सावकाश निघतं आणि घाईने फ्रेम केली तर काचेच्या आतून धुरकट थर बसतो. फ्रेमवाला पाठीला हार्डबोर्ड लावायला निघाला तर मध्ये आम्लरहित बोर्ड घालायला सांगा, आणि काच फोटोला टेकू नये म्हणून माउंटची खिडकी (मध्ये चौकोन कापलेला जाड पुठ्ठा) हवीच.